पोचा

वहीच्या पहिल्या पानावर अजून सायत्राबाईचंच अक्षर आहे,
गोल, पाटीवर गिरवल्यासारखं :
गंज मोठे दोन, मधले तीन,
झारे चार, कोपर एक, ताटं एकशे वीस,
सतरंज्या सहा, त्यातली एक उंदरानं कुरतडलेली.

त्याआधी आमच्या मोहल्ल्यात हे काही नव्हतं.
लग्न असो की मयत,
वरच्या मोहल्ल्यात जायचं,
ओट्याखाली उभं राहायचं, आणि ऐकायचं,
"आज रिकामी नाहीत भांडी."
रिकामीच दिसायची. उन्हात पालथी, चमकत.

मग घरोघरी रोज मूठभर तांदूळ बाजूला.
ज्या घरी तांदूळच नव्हता
त्या घरानं बुधवारी गोळा करायला फिरायचं.
तीही वर्गणीच धरली.
सोळा महिन्यांनी उमरेडच्या बाजारातून
पहिला गंज आला बंडीत,
आणि त्यात बसून तीन पोट्टे.

नाव घालणारा म्हणाला, अक्षरामागं पाच रुपये.
मंडळाचं पुरं नाव बोटांवर मोजलं,
बोटं संपली.
अनुसया म्हणाली, "आपलं लिही बाप्पा.
तीनच होतात."
अनुस्वाराचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

सुगतनं दोन्ही मोठे गंज विकले
तेव्हा मिरचीचा तोडा चालू होता.
मोबाइलवरच्या पैजेत हरला होता पोरगा.
कुलूप फोडलंही नाही,
किल्ली आईच्याच उशाखाली.
त्याच आठवड्यात फागो गेला,
आणि तानाबाईच्या दारी
पुण्यानुमोदनाचा भात
आंघोळीचं पाणी तापवायच्या गुंडात शिजला.
साबणाचा वास येतो का,
कोणी कोणाला विचारलं नाही.

कोणी म्हणे ठाण्यात द्या.
कोणी म्हणे झाडाला बांधा.
काहीजण गप्पच होते, त्यांची भीती जास्त वाटली.
विहाराच्या ओट्यावर रात्री अकरापर्यंत बसलो.
सगळ्यांच्या आधी सायत्राबाई उठली,
माझ्या पदरात किल्ली टाकली
आणि लेकाकडं न बघता
बायांत जाऊन बसली.

काऊन केलं, हे त्याला विचारलंच नाही.
कारणं सगळ्यांपाशी असतात.
विचारलं, "तानाबाईनं भात कशात रांधला, सांग."
त्याला माहीत नव्हतं.
मग तानाबाईनंच सांगितलं,
हळू हळू, गुंडाच्या काठावरच्या पांढऱ्या थरासकट.
ती सांगत होती तोवर
कोणी खोकललंही नाही.

ठरलं ते असं :
मजुरीतून गंज सोडवून आणायचे.
वर्षभर ज्या घरी कार्य
त्या घरी भांडी डोक्यावर न्यायची,
राखेनं घासून परत आणायची.
आणि वर्षभर त्याला
कोणी चोर म्हणायचं नाही.
हे शेवटचं अनुसयानं हट्टानं घातलं.
त्याचं त्यानं पाळलं.
आमचं आम्हाला जड गेलं,
दोनदा तर माझ्याच तोंडून निघालं,
आणि दोन्हीदा वहीत माझं नाव लागलं.

एकच गंज परत आला.
दुसरा भंगारात वितळून गेला होता.
आलेल्याच्या बुडाशी पोचा,
काट्यावर आपटल्याचा.
'आपलं' मधला 'प' थोडा आत गेलेला.

तानाबाई अजून त्याच्याशी बोलत नाही.
बोलावं असं कोणी म्हटलेलं नाही.
वहीत तीनच रकाने आहेत,
नेलं, आणलं, पोचा.

वर्ष सरून दोन वर्षं झाली,
भांडी अजून सुगतच वाहतो.
परवा हापशीवर दिसला, दिवेलागण झाली होती.
पोच्यात डाळ बसते, सहज निघत नाही.
अंगठ्यानं तिथंच घासत होता,
घासत होता.
मी घरी आले, वही काढली,
आणि गंज यायच्या आधीच
'आणलं' लिहून टाकलं.